रविवारचा एक तास, चार विषय आणि व्याख्यान देणारे पाहुणे

नवानिवेदक:

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून एक छोटं इंटरनेट रेडिओ केंद्र चालवतो. सगळे स्वयंसेवक. आता रविवार सकाळचा एक तास माझ्याकडे आला आहे. चालू घडामोडी, विज्ञान, संस्कृती आणि रोजचं जगणं यांवर गप्पा, असं त्याचं स्वरूप ठरलंय. थेट प्रक्षेपण, एखाद-दोन पाहुणे आणि शेवटी श्रोत्यांचे फोन.

सध्या तासाचे सरळ चार तुकडे केलेत, प्रत्येक विषयाला पंधरा मिनिटं. कागदावर नीटनेटकं दिसतं, पण ऐकताना चार वेगवेगळे कार्यक्रम एकामागे एक लावल्यासारखं होतं. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. पाहुणा स्टुडिओच्या दारात उभा राहून इतकं जिवंत बोलत असतो आणि माईकवरचा लाल दिवा लागला की "सर्वप्रथम आपण हे लक्षात घेतलं पाहिजे की" असं सुरू करतो. मग मला मध्ये तोंड घालायला जागाच उरत नाही.

मला हा कार्यक्रम मनापासून करायचा आहे. आठवडाभर बातम्या अंगावर येतात, रविवारी कुणीतरी शेजारी बसून त्यातलं एखादं काही समजावून घेतंय असं श्रोत्याला वाटावं, एवढीच इच्छा आहे. ज्यांनी असे कार्यक्रम केलेत किंवा वर्षानुवर्षं ऐकलेत त्यांनी सांगा: तास कसा बांधायचा आणि पाहुण्याला व्याख्यानातून गप्पांत कसं आणायचं?

फीतजोड:

माझी सगळी नोकरी रेडिओवरच्या बोलक्या कार्यक्रमांची निर्मिती करण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ते चार तुकडे मोडून टाका. चालू घडामोडी, विज्ञान, संस्कृती हे कप्पे कचेरीच्या सोयीसाठी असतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात असे कप्पे नसतात, त्याच्या डोक्यात प्रश्न असतात. तासाला एकच प्रश्न घ्या आणि तो चारही खोल्यांतून फिरवून आणा.

उदाहरणच देते. लीप सेकंद. नोव्हेंबर २०२२मध्ये व्हर्साय इथे वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की अधूनमधून घड्याळात एक जास्तीचा सेकंद घालायची पद्धत २०३५पर्यंत थांबवायची. ही झाली बातमी. आता पाहुण्याला विचारा, सेकंद घालावाच का लागतो? मग पृथ्वीचं फिरणं आलं. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे ते फार लांबच्या काळात मंदावत जातं, अणुघड्याळ मात्र तसंच चालत राहतं, आणि १९७२पासून या दोघांची सांगड घालायला २७ वेळा सेकंद वाढवला गेला. हे विज्ञान. पुढचा प्रश्न: मग दुपारचे बारा म्हणजे काय, सूर्य माथ्यावर येतो ते, की यंत्र दाखवतं ते? आता तुम्ही संस्कृतीत शिरलात आणि पाहुण्याला कळलंही नाही. माणसाने दिवस सूर्यावर बेतायचा की आपसातल्या करारावर, हा वाद फार जुना आहे. आणि रोजचं जगणं? जून २०१२च्या अखेरीला सेकंद वाढवला तेव्हा काही मोठी संकेतस्थळं अडखळून बंद पडली होती. आपल्या खिशातला फोन कुणाच्या तरी घड्याळावर विसंबून आहे, हे त्या रात्री पुष्कळांना पहिल्यांदा समजलं.

पाहा, एकदाही "आता वळूया विज्ञानाकडे" म्हणावं लागलं नाही. हा विषय रेडिओला शोभतो याचं आणखी एक कारण म्हणजे तो ऐकवता येतो. बीबीसीवर ५ फेब्रुवारी १९२४पासून तासाच्या ठोक्याला सहा 'पिप', म्हणजे वेळ सांगणारे छोटे सूचक ध्वनी, वाजतात. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांनी त्यात लक्ष घातलं होतं. १९७२पासून त्यातला शेवटचा लांब असतो आणि लीप सेकंद असेल तेव्हा एक जास्तीचा वाजतो. सहाऐवजी सात! सुरुवातीला हे सात पिप नुसते ऐकवा, काही न सांगता, आणि मग पाहुण्याला विचारा: "हा सातवा कुठून आला?" अशा प्रश्नावर कुणीही "सर्वप्रथम आपण" म्हणून सुरुवात करू शकत नाही.

आता व्याख्यानाबद्दल. हा रोग रेडिओइतकाच जुना आहे. १९२७मध्ये हिल्डा मॅथेसन बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालक झाल्या. मोठमोठे विद्वान यायचे आणि सभागृहात उभं असल्यासारखे बोलायचे. मॅथेसनबाईंनी आग्रह धरला की माईकसमोर जमाव नसतो, एक माणूस असतो, आपल्या घरात बसलेला, आणि बोलायचं ते त्याच्याशी. बाई वक्त्यांकडून तालमी करून घेत. इतक्या वर्षांनंतरही याहून वेगळं औषध मला ठाऊक नाही.

पण "एका माणसाशी बोला" असं सांगून कुणी बोलत नाही. तशी बैठक करावी लागते. शिकागो विद्यापीठाचा 'राउंड टेबल' हा रविवारचा कार्यक्रम १९३१मध्ये सुरू झाला. तीन प्राध्यापक, लिहून आणलेली संहिता नाही. नावात गोल टेबल असलं तरी ते ज्या टेबलाशी बसत ते तीन बाजूंचं होतं, म्हणजे प्रत्येकाला इतर दोघांचे चेहरे सरळ दिसत. तुमच्या स्टुडिओत पाहुणा कुठे बसतो? काचेकडे तोंड करून बसवला असेल तर तो काचेपलीकडच्या माणसाशी बोलणार. त्याला तुमच्यासमोर बसवा, टेबल लहान ठेवा. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका धरा, म्हणजे प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका बसणार नाही आणि माईक दोघांच्या नजरेच्या आड येणार नाही. आणि हातातले कागद गोड बोलून काढून घ्या. "यातले आकडे मी सांभाळते, लागले तर पुढे करते" म्हणा. कागद गेला की निम्मं व्याख्यान जातं.

उरलेलं निम्मं पहिल्या प्रश्नात असतं. "या विषयाची पार्श्वभूमी सांगाल का?" हा प्रश्न विचारूच नये. पाहुण्याने हाताने केलेलं, डोळ्याने पाहिलेलं काहीतरी विचारा. अणुघड्याळाच्या शास्त्रज्ञाला "वेळ म्हणजे काय" विचारू नका, "ते घड्याळ दिसतं कसं, त्याला काटे असतात का" हे विचारा. तो हसेल, हाताने आकार दाखवायला लागेल, आणि मग तुम्ही म्हणा, "श्रोत्यांना हात दिसत नाहीत, शब्दात सांगा." तिथून पुढे गप्पाच.

एक शेवटचं. गप्प राहायला शिका. आम्ही ध्वनिफितीवर काम करायचो तेव्हा एका सेकंदाला १९ सेंटीमीटर फीत सरकायची. पाहुणा थबकला की ती शांतता संपादनाच्या टेबलावर अक्षरशः हातात धरता यायची, वीतभर. नवे सहकारी ती कापायला धावायचे. मी म्हणायची, थांबा, तिच्यापुढचं वाक्य ऐका. विचार करून बोललेलं वाक्य नेहमी त्या वीतभर फितीच्या पलीकडे असायचं. कापायचीच असेल तर श्वासाच्या आधी कापा. श्वास त्याच्या पुढच्या वाक्याचा असतो, तो तोडला की माणूस यंत्रासारखा ऐकू येतो. थेट प्रक्षेपणात तुम्हाला काही कापायचं नाहीये, मग त्या थबकण्यावर तुटून पडू नका, एवढंच.

क्वार्ट्झ:

फीतजोड ताई, फार सुंदर लिहिलंत. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि अशा कार्यक्रमांत पाहुणा म्हणून गेलो आहे, तेव्हा खुर्चीच्या त्या बाजूचं थोडं सांगतो.

आम्ही व्याख्यान देतो ते भीतीपोटी. आपल्या क्षेत्रातले लोक ऐकत असतील, काही अर्धवट बोललो तर नावं ठेवतील, म्हणून प्रत्येक वाक्याला शेपूट लावत जातो. सूत्रसंचालकाने आधीच सांगितलं की "ढोबळ बोला, बारकावा हवा असेल तिथे मी थांबवून विचारीन," तर फार मोकळं वाटतं.

लीप सेकंदाच्या गोष्टीत एक भर घाला. पृथ्वी दीर्घकाळात मंदावते हे खरं, पण अलीकडच्या काही वर्षांत ती किंचित वेगाने फिरताना आढळली, त्यामुळे इतिहासात पहिल्यांदाच सेकंद वजा करायची वेळ येते की काय अशी चर्चा झाली. श्रोत्याला हे ऐकायला आवडतं, कारण इथे शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवत बसलेले दिसतात. सगळं उलगडलेलं विज्ञान ऐकवलं की पाठ्यपुस्तक होतं.

रेडिओवरच्या विज्ञानाचा माझा आवडता प्रश्न बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट'मधला. १९४१ साली, युद्ध चालू असताना, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली, तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड आणि दर्यावर्दी कमांडर कॅम्बेल असे एकत्र बसून श्रोत्यांनी पाठवलेल्या प्रश्नांना तयारीशिवाय उत्तरं द्यायचे. त्यात एक प्रश्न आला: माशी छतावर बसते कशी? उडताना सरळ असते, बसल्यावर उलटी, मग पालटते कधी? यावर लोक वाद घालत राहिले. नंतर अतिवेगवान छायाचित्रणात दिसलं की माशी छताजवळ आली की पुढचे पाय डोक्यावर उंच करते, त्यांनी छत पकडते, आणि उरलेल्या वेगाने अंगाला वर झोका देऊन बाकीचे पाय टेकवते. जगात बॉम्ब पडत होते आणि कुणीतरी छताकडे बघून हे विचारलं. असा प्रश्न ज्या कार्यक्रमाकडे येतो, तो लोकांनी आपला मानला असं मी समजतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून श्रोत्यांचे प्रश्न मागवा. कॅनडातला 'क्वर्क्स अँड क्वार्क्स' १९७५पासून शनिवारी विज्ञान बोलतोय, तेही मधूनमधून अख्खा कार्यक्रम श्रोत्यांच्या प्रश्नांवर करतात.

जाता जाता एक तांत्रिक सूचना, कारण तुमचं केंद्र इंटरनेटवर आहे. तुमचा आवाज श्रोत्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचतो, आणि प्रत्येकाकडे वेगवेगळा उशिरा. "आत्ता बरोबर दहा वाजले" असं म्हणू नका. आणि फोन करणाऱ्याला आधी त्याचा रेडिओ बंद करायला सांगा. स्वतःचाच आवाज उशिरा कानावर पडला की माणूस अडखळतो. पाव सेकंदाच्या आसपासचा उशीर असला तर चांगला वक्ताही शब्द ओढायला लागतो.

अर्ध्यातून_ऐकणारी:

मी फक्त श्रोता आहे, पण शनिवार-रविवारच्या गप्पा लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून लिहायचं धाडस करते.

फीतजोड ताईंचं जवळजवळ सगळं पटलं. एका जागी माझं वेगळं मत आहे. एक प्रश्न तासभर फिरवायचा हे ठीक, पण मी तो तासभर ऐकत नसते. कामं करता करता रेडिओ लावते, तेव्हा तुमची वीस मिनिटं होऊन गेलेली असतात. कुणीतरी पुरुष बोलतोय, काहीतरी सेकंदाबद्दल, आणि पुढची दहा मिनिटं त्याचं नावही कुणी घेत नाही. मी चिकाटीने थांबते, पण बाकीचे बटण फिरवतात. चार तुकडे असले की निदान पुढच्या तुकड्याला गाडीत चढता यायचं.

मला आवडणारे निवेदक दर पाच-सात मिनिटांनी पाहुण्याचं नाव प्रश्नातच गुंफतात आणि एका वाक्यात विषय पुन्हा मांडतात, आधीपासून ऐकणाऱ्याला कंटाळा न आणता. ही मोठी कला आहे. शिवाय आकडे! "सत्तावीस पूर्णांक चार टक्के" कानावरून निघून जातं, मागे जाऊन बघायची सोय नसते. "दर चार जणांमागे एकाहून थोडे जास्त" म्हटलं की राहतं. एका वाक्यात एकच आकडा असावा.

आणि रोजच्या जगण्याला कृपा करून शेवटची पाच मिनिटं देऊ नका, हलकंफुलकं म्हणून. अमेरिकेत 'कार टॉक' नावाचा शनिवार-रविवारचा कार्यक्रम १९८७पासून २०१२पर्यंत देशभर चालला. एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठात शिकलेले दोन भाऊ, टॉम आणि रे मॅग्लिओझी, लोकांच्या बिघडलेल्या गाड्यांबद्दल फोनवर बोलायचे. फोन करणारा स्वतःच्या तोंडाने गाडीचा आवाज काढून दाखवायचा, घर्र्र, टक टक, आणि हे दोघे खदाखदा हसत विचारायचे, चढावर होतं की उतारावर? थंड असताना की तापल्यावर? मला स्वतःला गाड्यांमध्ये काडीचा रस नाही, तरी मी त्यांचे जुने भाग ऐकत बसते. लक्षणावरून कारणाकडे कसं जायचं हे त्या हसण्याखिदळण्यात जितकं कळलं, तितकं विज्ञानाच्या तासाला कळलं नव्हतं. त्यात नवरा-बायकोची भांडणंही निघायची, गाडी कोण खराब करतं यावरून. यात विज्ञान कुठे संपलं आणि जगणं कुठे सुरू झालं, कोण सांगणार?

फीतजोड:

अर्ध्यातून_ऐकणारी, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो माझ्या म्हणण्याला पूरकच आहे. प्रश्न एक असला तरी त्याला दारं अनेक हवीत. नवानिवेदक, कागदावर तासाच्या साधारण प्रत्येक दहा मिनिटांपाशी एक वाक्य लिहून ठेवा, आत्ताच आलेल्या माणसासाठी. फक्त ते वाक्य प्रत्येक वेळी वेगळं असू द्या. पहिल्यांदा "घड्याळात वाढवलेल्या सेकंदाबद्दल बोलतोय", पुढच्या वेळी "पृथ्वी आणि घड्याळ यांच्यात कोण बरोबर हा प्रश्न चाललाय". जुन्या श्रोत्याला तीच गोष्ट पुढे सरकलेली वाटते, नव्याला आत येता येतं.

नवानिवेदक:

सगळ्यांचे मनापासून आभार. सात पिपांची कल्पना मी उचलली! टेबलही बदलतोय, आमचा पाहुणा खरोखरच काचेकडे तोंड करून बसतो.

आता एक अवघड जागा उरते, चालू घडामोडी. विज्ञानाच्या पाहुण्याला काटे कुठे आहेत असं विचारता येईल. पण ज्या बातमीवर लोक दोन तट करून बसलेत, तिथे काय करायचं? दोन बाजूंचे दोन पाहुणे बोलावले की भांडण होतं, एकच बोलावला की एकतर्फी ठरतं. रविवारी सकाळी भांडण ऐकवायचं नाहीये मला. पण गुळमुळीतही करायचं नाही.

फीतजोड:

दोन टोकं बोलावून मध्ये बसायचं हा सोपा मार्ग आहे, म्हणून सगळे तोच धरतात. त्यात दोघेही आपापल्या लोकांना ऐकवण्यासाठी बोलतात, समोरच्याशी नाहीच. मी पाहुणा निवडताना त्याचं मत शेवटी विचारायची. आधी विचारायची, तुम्ही तिथे गेला होता का? कागद स्वतः वाचलाय का? निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांच्यापैकी कुणाशी बोललात? ज्याने पाहिलंय तो आपसूक बारकाव्यात बोलतो आणि बारकाव्यात दोन तटांच्या मधली पुष्कळ जमीन असते. बीबीसीवर 'फ्रॉम अवर ओन करस्पॉण्डंट' हा कार्यक्रम १९५५पासून याच गोष्टीवर उभा आहे. बातमीदार दिवसभराच्या बातमीत न मावलेलं सांगतात: रस्त्यावर काय दिसलं, कोण काय म्हणालं, दुकानं कधी उघडली. तो ऐकून मत बदलत नसेल, पण आपल्याला वाटलं होतं तितकं हे सरळ नाही, हे कळतं.

दोन बाजू आणायच्याच असतील तर दोघांना एकच काम सांगा. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडा, मग आपलं. हे पाहुण्यांना फोनवर आदल्या दिवशीच कळवा, स्टुडिओत अचानक टाकू नका. काही जण नाही म्हणतील. त्यांना बोलावू नका.

आणि तुम्ही गुळमुळीत होणार नाही, जर उत्तर न मिळालेला प्रश्न तुम्ही तसाच पुन्हा विचारलात तर. आवाज न चढवता, त्याच शब्दांत. "मी विचारलं होतं की हे पैसे कुठून येणार?" दुसऱ्यांदाही टाळलं तर "याचं उत्तर आज मिळालं नाही" एवढं म्हणून पुढे जा. श्रोत्याने ते ऐकलेलं असतं. त्यावर तुम्ही शेरा मारायची गरज नसते आणि मारलात तर पाहुण्याला तुमच्यावर रागवायचं निमित्त मिळतं.

अर्ध्यातून_ऐकणारी:

यात श्रोत्यांच्या फोनचं राहिलं. चालू घडामोडींवर फोन घेताना "तुमचं मत काय" विचारू नका हो. मतं आठवडाभर सगळीकडे मिळतात. "तुमच्याकडे काय घडलं" विचारा. बीबीसीवर 'एनी क्वेश्चन्स'मध्ये १९४८पासून पुढारी आणि तज्ज्ञ लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि मग श्रोत्यांसाठी 'एनी आन्सर्स' असतो. मी तो आवर्जून ऐकते, कारण आदल्या दिवशी पुढारी ज्या योजनेबद्दल गोल गोल बोलून गेलेला असतो, तिच्याच खिडकीवर काम करणारी बाई दुसऱ्या दिवशी फोन करते आणि अर्जातला कितवा रकाना लोकांना भरता येत नाही ते सांगते.

नवानिवेदक:

हे लिहून घेतलं. म्हणजे फोन उचलणाऱ्या आमच्या मैत्रिणीने आधी विचारायचं, "तुम्ही स्वतः पाहिलेलं काय सांगणार?", आणि मगच जोडून द्यायचं.

लीप सेकंदाचा भाग येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी करतोय. क्वार्ट्झ सर, वजा सेकंदाबद्दल बोलायला फोनवर याल का? ढोबळ बोला, बारकावा हवा तिथे मी थांबवीन.

क्वार्ट्झ:

येतो. कागद घेणार नाही. फक्त ते सात पिप मलाही लाइनवर ऐकू येतील असं तुमच्या तंत्रज्ञाला सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही विचाराल "हा सातवा कुठून आला" आणि मी काहीच ऐकलेलं नसेल.